गुणाजीच्या कानातला कापूस

गुणाजी धुरीने बॉम्ब टाकला, ही बातमी काथाबंदर स्टेशनातून काळाचौकीला पोचायला अर्धा तासही लागला नाही. नाक्यावर येईपर्यंत एका बॉम्बचे तीन झाले होते, आणि लालबागेत पोचली तोवर स्टेशन जळत होतं. ज्यांनी गुणाजीला कधी पाहिलं नव्हतं त्यांचा ताबडतोब विश्वास बसला. ज्यांनी पाहिलं होतं ते आधी खदखदून हसले, आणि मग पोलिसांची गाडी वळताना दिसल्यावर तसेच उघड्या तोंडाने उभे राहिले. मी तर तिथेच होतो, पंचवीस हातांवर. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि तरीही पुढचे चार दिवस मी स्वतःला विचारत होतो, हे खरंच झालं का?

कारण गुणाजी म्हणजे दिवाळीत पोरांनी लवंगी लावली तरी दाराला आतून कडी घालून बसणारा माणूस. अठ्ठावीस वर्षं त्याने रेल्वेत सांधेवाला म्हणून काढली. म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर वळवायचा जो लोखंडी दांडा असतो, तो ओढण्यात त्याची हयात गेली. पण इंजिनाच्या शिट्टीची धास्ती काही गेली नाही. त्यावर त्याने आपल्यापुरता उपाय काढला होता. बंदराकडे फुटणाऱ्या आमच्या फाट्यावरून कापसाच्या गाठींच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, जात. त्यांतून उडालेला कापूस तारेच्या कुंपणाला लोंबत राही. गुणाजी सकाळी ड्यूटीवर येताना तो वेचायचा, फुंकर मारून धूळ उडवायचा, दोन बोळे वळायचा आणि दोन्ही कानांत बसवायचा. मग त्याचा दिवस सुरू.

मी नवा नवा असताना एकदा विचारलं, "गुणाजीकाका, कानात कापूस घातल्यावर गाडी आलेली कळते कशी?"

"गाडी कानान ऐकायची नसता, राजापूरकर," तो म्हणाला, "पायान ऐकायची. रूळ सांगता."

तो कणकवलीकडचा. मी राजापुरात मॅट्रिक झालेला, म्हणून माझं नाव राजापूरकर. खरं नाव त्याने विचारलंच नाही, आणि मीही चिडून कधी सांगितलं नाही.

मला नोकरीचा कागद आला तेव्हा आईने राजापुरात अर्ध्या पेठेला पेढे वाटले होते. मुलगा मुंबईला रेल्वेत! माझ्या डोळ्यांपुढे बोरीबंदर. प्रत्यक्षात टांगेवाल्याने मला शिवडीच्या अलीकडे, गोदामांच्या मागे, एका पत्र्याच्या शेडपुढे उतरवलं आणि म्हणाला, "हेच." मी त्याच्याकडून दोनदा खात्री करून घेतली. एक फलाट, एक बाक, एक तिकिटाची खिडकी, आणि खिडकीसमोर बाहेर वाळत घातलेले बोंबील. मुख्य लायनीवर विजेच्या गाड्या धावायला लागून जमाना झाला होता. आमच्या बंदराच्या फाट्यावर मात्र अजून वाफेचं इंजिन, मागे पाच जुने डबे. ही शटल सकाळी गोदीतल्या माणसांना आणून सोडायची आणि संध्याकाळी पाच चाळीसला परत न्यायची. मधल्या वेळात मालगाड्यांची ढकलाढकली. स्टेशनमास्तर गंगाधरपंत, सांधेवाला गुणाजी आणि तिकिटबाबू मी. एवढ्यावर आमचं काथाबंदर चालायचं.

गुणाजी राहायचा फाटकाजवळच्या रेल्वेच्या खोलीत. बायको रखमाकाकी. मूलबाळ नव्हतं. दारात डालडाच्या डब्यात तुळस, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. निवृत्त झालं की गावी जायचं, घराला नवी कौलं घालायची, हा दोघांचा बेत मी पहिल्या आठवड्यातच चार वेळा ऐकला होता.

बाहेर सगळी मुंबई पेटलेली. परळला सभा, दादरला सभा, गिरगावात सभा. काळाचौकीच्या चाळींत लहान पोरंसुद्धा खोखो खेळताना "झालाच पाहिजे" म्हणून खो देत. गुणाजीला मात्र एका सभेला नेणं कोणाला जमलं नाही. चाळकमिटीचे बाबुराव एकदा मुद्दाम स्टेशनवर आले.

"गुणाजी, अरे सगळा गिरणगाव उतरलाय. तू मराठी माणूस ना?"

"असंय की."

"मग चल उद्या परळला."

"माका नको ता. थंय कर्णे लावतत."

कर्णे म्हणजे लाउडस्पीकर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आवाज जास्त होतो म्हणून बाहेर राहिलेला मी पाहिलेला हा एकच माणूस. बाबुराव रागावून गेले. मी आठवडाभर गुणाजीला चिडवत होतो. तो हसायचा. ऐकू आल्यावर हसायचा की न येताच, ते मात्र कळायचं नाही.

त्याचा एकच मित्र होता, शटलचा ड्रायव्हर दौलत. दोघे एकाच गावचे. गावात गुणाजीचं घर वाडीत आणि दौलतचं महारवाड्यात, नदीच्या पलीकडे. लहानपणी एकमेकांशी बोलल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. ओळख झाली ती काथाबंदरच्या सांध्यावर. रोज सकाळी शटल सांध्यापाशी मंदावली की गुणाजी खालून चहाची किटली वर द्यायचा, आणि दौलत वरून इंजिनातलं कढत पाणी बादलीत सोडायचा. त्या पाण्याने गुणाजी आंघोळ करायचा. वीस वर्षांत त्याच्या घरी आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटली नव्हती. रखमाकाकी म्हणायच्या, "माझ्या घोवाक दौलत न्हाऊ घालता. मी नुसती जेवणाची."

मी एकदा आगाऊपणा केला. म्हटलं, "काकी, गावी हे पाणी चाललं असतं का?"

काकींनी चुलीकडे तोंड केलं. "ह्या रेल्वेचा पाणी," म्हणाल्या. विषय संपला.

तर हा दौलत छप्पन्नच्या जानेवारीअखेर निवृत्त होणार होता. तेहेतीस वर्षांत एक डाग नाही. इतका नियमाचा पक्का की लाल बावटा दिसला तर पुढे नुसती कोंबडी असली तरी गाडी उभी करील. आणि आता मला रेल्वेतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

रेल्वेचा एक फटाका असतो. बूटपॉलिशच्या डबीएवढा, चपटा, पत्र्याचा. त्याला शिशाच्या दोन पट्ट्या असतात. त्या रुळावर घट्ट वळवून बसवायच्या. इंजिनाचं चाक वरून गेलं की असा बार होतो की मेलेला उठून बसावा. धुक्यात सिग्नल दिसत नाही, किंवा पुढे रूळ तुटलाय, तर ड्रायव्हरला सावध करायला हे. दहा-दहा पावलांवर तीन फटाके लागोपाठ फुटले की ड्रायव्हरने गाडी जागच्या जागी उभी करायची, हा नियम. आणि रीत अशी की एखादा ड्रायव्हर निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या शेवटच्या फेरीला इंजिनांच्या शेडमधली माणसं रुळावर हेच फटाके ठेवतात. त्याला आधी सांगून ठेवतात, म्हणजे तो थांबत नाही. बारांच्या सलामीतून, हार घातलेलं इंजिन घेऊन ऐटीत निघून जातो.

दौलतला सलामी नाही, असा शेडमधून निरोप आला. कारणं भरपूर होती. फाट्यावरच्या ड्रायव्हरला देत नाहीत. साहेब रजेवर आहेत. शहरात गोळीबार झालाय, वातावरण बरं नाही. शेवटचं कारण खरंच होतं. गोळीबार थांबून जेमतेम चार-पाच दिवस झाले होते आणि आमच्या फलाटावर बंदुका घेतलेले आठ शिपाई आणि एक जमादार मुक्कामाला होते. पण गेल्याच वर्षी याच शेडने याच फाट्यावरच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरला सात बारांची सलामी दिली होती.

"मग ह्याला का नाही?" मी विचारलं.

"कित्या नाय, ता तुका राजापुरात शिकवूक नाय?" गुणाजी म्हणाला. त्याला इतकं कडू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा गप्प बसलो असतो तर! पण जिभेला हाड नाही. गंगाधरपंत टेबलाशी बसलेले, मी हसत म्हटलं, "तुमच्या डबीत आहेत की दहा फटाके, धुक्यासाठी दिलेले. ठेवा तीन. पण तुम्ही कसले ठेवताय! तुमच्या कानातला कापूस दादरला जाऊन पडेल."

गंगाधरपंत फिस्सकन हसले. गुणाजी हसला नाही. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, जसा तो रुळातली फट पाहायचा, आणि बाहेर गेला.

दोन दिवसांनी दौलतची शेवटची फेरी. पाच चाळीसची शटल. डब्यांतून गोदीतली माणसं भरलेली. शिपाई फलाटावर सावलीत बसले होते; जमादार माझ्या खिडकीशी उभा राहून तंबाखू मळत होता. मी आतल्या स्टुलावर चढून खिडकीतून पाहिलं तर गुणाजी सांध्यापाशी उभा, काखेत झेंडूचा हार, आणि दोन्ही हातांची बोटं कापसावरून कानांत खुपसलेली. डोळे गच्च मिटलेले. चेहऱ्यावर हसू.

मला एका क्षणात कळलं. आणि त्याच क्षणात हेही कळलं की आता ओरडून उपयोग नाही.

शटल हलली आणि पहिला बार झाला. बोंबिलांवरची कावळ्यांची पलटण एकदम वर गेली. जमादाराच्या हातातली तंबाखू माझ्या तिकिटांवर सांडली. दुसरा बार. तिसरा.

गुणाजीने एवढी जिवाची हिंमत केली, पण एक गोष्ट केली नव्हती. त्याने दौलतला सांगितलं नव्हतं. त्याला मित्राला चकित करायचं होतं. आणि दौलतने तेहेतीस वर्षांत जे केलं तेच केलं. तीन बार, म्हणजे थांबा. त्याने ब्रेक मारला.

चाकं किंचाळली. पाचही डबे एकमेकांवर आदळले. आतली माणसं माणसांवर पडली, आणि मग दोन्ही बाजूंनी उड्या टाकून रुळावर आली, ओरडत, शिव्या देत. शिपायांना काय दिसलं असेल? तीन स्फोट, थांबवलेली गाडी आणि त्यांच्या दिशेने धावत येणारी दोन-तीनशे माणसं.

मी खिडकीखाली जमिनीवर कसा आलो ते आठवत नाही. बंदुकीचा आवाज फटाक्यापेक्षा लहान असतो. सुका. मी चार मोजले.

मग इतकं शांत झालं की पाण्याची धार ऐकू आली. एक गोळी इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत घुसली होती, आणि तिथून बोटाएवढी धार रुळावर पडत होती. लवू नावाचा एक गोदीकामगार फलाटाच्या उतारावर बसला होता, पोटरी दोन्ही हातांनी धरून. तो ओरडत नव्हता. बोटांतून रक्त येत होतं आणि तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू दुसऱ्या कोणाचा पाय चुकून त्याच्याकडे आलाय.

आणि सांध्यापाशी गुणाजी. अजून डोळे मिटून, कानांत बोटं घालून, हसत उभा. कापूस आणि बोटं यांच्यापुढे बंदुकीचा आवाज पोचलाच नव्हता. त्याच्या हिशेबी सलामी झाली होती. त्याने डोळे उघडले, हार दोन्ही हातांत घेतला आणि इंजिनाकडे पहिलं पाऊल टाकलं. मग त्याला लवू दिसला. मी तेव्हाचा त्याचा चेहरा विसरू शकलेलो नाही. हसू तसंच होतं. जायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

लवूला हॉस्पिटलात नेलं. पोटरीतून गोळी आरपार गेली होती, हाड वाचलं. गुणाजीला दोन शिपायांनी हारासकट गाडीत घातलं. दौलत इंजिनातून उतरून धावत गाडीच्या मागे गेला, "अरे ते फटाके, आमचे फटाके" असं ओरडत. कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी रुळावर फुटलेल्या पत्र्याच्या चकत्या सापडल्या, त्यांवर रेल्वेचा शिक्का होता, म्हणून बॉम्बचं भूत उतरलं आणि गुणाजी घरी आला. पण येताना हातात कागद होता. नोकरीवरून तात्पुरता दूर, चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांपुढे चौकशी.

आता प्रश्न एवढाच होता, गुणाजीची नोकरी राहते की जाते. नोकरी म्हणजे खोली, आणि दीड वर्षांनंतरची गावची कौलं.

गंगाधरपंत माणूस वाईट नव्हता. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"हे बघ, फटाके ठेवणं हा गुन्हा नाही. धोका दिसला तर ठेवायलाच पाहिजेत. उलट शाबासकी मिळते. म्हणजे धोका दिसला पाहिजे. रुळावर दगड होते असं म्हटलं तर?"

"कुठे होते?"

"अरे, होते असं म्हटलं तर! जमादारालाही हवेच आहेत. त्याने गोळी का झाडली ते त्याला वर सांगायचंय. रुळावर दगड असले की त्याचं सुटतं, गुणाजीचं सुटतं, माझं सुटतं." त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "आणि त्या दिवशी गुणाजीला फटाके ठेवा म्हणून कोण म्हणालं होतं, हेही कोणी विचारत नाही."

माझी शाई अचानक छान उतरू लागली. शाळेत निबंधात माझा नंबर पहिला असे. मी गुणाजीच्या नावाने जबाब लिहिला: 'सायंकाळी पाच वाजून अडतीस मिनिटांनी मला रुळावर मोठे दगड आढळून आले. अज्ञात इसमांच्या या कृत्यामुळे गाडीस धोका असल्याचे जाणून मी नियमाप्रमाणे तीन फटाके ठेवले.' कागद घेऊन मी गुणाजीच्या खोलीवर गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवला. स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू.

रखमाकाकींनी डोळ्यांना पदर लावला. "देवासारखो इलास रे," मला म्हणाल्या, आणि नवऱ्याला, "करा सही."

गुणाजीने कानातले बोळे काढून उंबऱ्यावर ठेवले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"अज्ञात इसम म्हणजे कोण?"

"म्हणजे कोणीच नाही, काका. तशी लिहायची पद्धत असते."

"कोणीच नाय, तेका धरूक पोलीस खंय जातले?"

मी कागदाकडे पाहिलं. माझ्या त्या सुंदर वाक्यात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काळाचौकीतच ना?" तो म्हणाला. "त्यांच्याकडे सभेच्या पोरांची नावां लिवलेलीच असत. चौकीत मी बघितलंय. दगड तेवढे नाय होते. ते तू दिलंस."

"आणि आमचा काय?" काकी उसळल्या. "ती पोरां येतली आमका जेवण घालूक? ह्या वयात रस्त्यार बसूचा? कधी एका सभेक गेलात नाय, आणि आता त्यांची काळजी?"

गुणाजीने बोळे उचलून पुन्हा कानांत घातले. त्यांच्या घरात भांडण असंच संपत असावं. कागद मात्र त्याने घडी करून खिशात ठेवला आणि मला वाटलं, जमलं.

चौकशी मास्तरांच्या खोलीत झाली. मोठे साहेब खुर्चीत, जमादार भिंतीला, गंगाधरपंत टेबलाच्या कडेला, मी दाराशी. दौलतला साक्षीला बोलावलेलं, तो बाहेर बाकावर. साहेबांना जबाबातलं आधीच कुणी तरी सांगितलं असावं. चेहरा मोकळा होता.

"धुरी, रुळावर दगड होते म्हणतात. बरोबर? तुम्ही पाहिले आणि फटाके ठेवले."

गुणाजीने दोन्ही कानांतला कापूस काढला. साहेबासमोर त्याला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. बोळे त्याने टेबलावर ठेवले, शेजारी माझा कागद ठेवला, सही न केलेला.

"साहेब, दगड नव्हते."

गंगाधरपंतांच्या हातातला टाक तिथेच थांबला. जमादार भिंतीपासून सुटला. मला वाटलं, त्याला प्रश्न नीट ऐकू आला नाही. साहेबांनाही तेच वाटलं असावं, त्यांनी मोठ्याने पुन्हा विचारलं.

"ऐकू येतंय, साहेब. दगड नव्हते. दौलत रिटायर होत होता. मी त्याला सलामी दिली."

"सलामी? शेडने परवानगी दिली होती?"

"शेड नाही म्हणाली. म्हणून मी दिली."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "तीन फटाके म्हणजे गाडी थांबवायची, हा नियम माहीत नाही तुला?"

"दौलतला माहीत होता ना, साहेब. म्हणून तर गाडी थांबली. त्याचं काही चुकलं नाही, ते लिहून घ्या. मी आधी सांगायला हवं होतं, ती माझी चूक. लवूच्या पायाला मी कारण झालो, तेही लिहा." मग तो जमादाराकडे वळला. आवाज चढला नव्हता. "पण माझ्या डबीत दहा होते, सात आहेत. तीन आवाज माझे. त्यापुढचे चार सगळ्यांनी ऐकले, ते माझे नाहीत."

अठ्ठावीस वर्षं साहेब दिसला की सांध्यामागे लपणारा माणूस हे बोलत होता. जमादार आढ्याकडे पाहू लागला. गंगाधरपंत टेबलाखाली काही पडलंय का ते शोधू लागले.

"हे डोक्यात कोणी भरवलं तुझ्या?" साहेबांनी विचारलं. "कोणी तरी सांगितलं असणार."

मी दाराच्या कडीकडे पाहू लागलो.

"कोणी नाही, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही बुकिंग क्लार्क ना? तुम्ही काय पाहिलंत? आधी काही बोलणं झालं होतं?"

आता बोलायचं. दोन वाक्यं होती. 'मीच म्हणालो होतो. मी त्याला डिवचलं.' मी स्वतःचा आवाज ऐकला: "मी तिकिटं लावत होतो, सर. मला काही माहीत नाही."

गुणाजीने माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

नोकरी गेली. साहेबांनी कागदावर काय काय लिहिलं, त्यातला शेवटचा शब्द बडतर्फ. लवूच्या नावाने त्याच पोरांच्या घरी जायची पोलिसांची तयारी मात्र वाया गेली. दगडच नव्हते, तर ठेवणारे कुठून आणणार? काळाचौकीतल्या त्या पोरांना आपण कशातून वाचलो ते कधी कळलंही नाही. बाबुराव तेवढे येऊन गेले. गुणाजीसमोर बसून तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि चहा पिऊन गेले.

पंधरा दिवसांनी खोली सोडली. तुळशीचा डबा काकींनी मांडीवर घेतला, बाकी सामान हातगाडीवर. लालबागेत काकींचे भाऊ दत्ताराम राहत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, त्यांत हे दोघे. गिरणीत बदली कामगार म्हणून गुणाजीला अधूनमधून काम मिळे. तिथल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात त्याने कसं निभावलं, मला विचारायची हिंमत झाली नाही.

महिन्याभराने मी भेटायला गेलो. मुद्दाम सकाळी, ड्यूटीच्या आधी. चाळीच्या जिन्यावर माझ्यापुढे दौलत चढत होता. हातात फडक्याने झाकलेली बादली, कडेने वाफ. त्याचं इंजिन आता दुसरा कोणी चालवत होता. तो नायगावहून घरच्या चुलीवर पाणी तापवून, बसवाल्याशी भांडून, त्या दिवशी पहिल्यांदाच घेऊन आला होता; पुढे रोज आणायचा. मी त्याच्या मागे मागे गेलो.

दारात दत्ताराम उभे होते. त्यांनी दौलतकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग गॅलरीत बघत उभ्या राहिलेल्या शेजारणींकडे. ते दारातून बाजूला झाले नाहीत. मला ते काथाबंदरचे चार आवाज पुन्हा ऐकू येतात की काय असं झालं. इथे रेल्वे नव्हती. हे पाणी आता फक्त दौलतच्या घरचं होतं.

आतून रखमाकाकी आल्या. महिनाभर त्या नवऱ्याशी धड बोलल्या नव्हत्या, असं मला कळलं होतं. त्यांनी भावाला खांद्याने सारलं, दौलतच्या हातातली बादली स्वतःच्या हातात घेतली, आणि आत तोंड करून ओरडल्या:

"उठा! पाणी निवता. आणि चाय ठेवतंय, दोघांक."

आंघोळ करून गुणाजी गॅलरीत आला. दौलत कठड्याशी बसून बशीतून चहा पीत होता. गिरणीचा भोंगा वाजला. गुणाजी दचकला, पण हात कानांकडे गेले नाहीत. मी त्याच्याजवळ सरकलो. जिन्यावरून वाक्य जुळवत आलो होतो.

"काका, त्या दिवशी साहेबांपुढे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं. फटाक्यांचं मीच—"

"काय?" गुणाजीने कानामागे हात नेला. "आयकाक नाय इला, राजापूरकर."

मी पुन्हा सुरुवात केली. त्याने पुन्हा मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून, आणि दौलतकडे पाहून हसला.

मी नीट वाकून पाहिलं. त्याच्या दोन्ही कानांत कापूस नव्हता.